बातमीचं वय

शाळेतल्या दिवसांबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हटलं. माझ्याजवळ सांगण्यासारखं फार नाही, आणि जे आहे ते बहुतेक दुसऱ्यांच्या घरातलं आहे. मग वाटलं, माणसांची नावं बदलली आणि गावाचं नाव गाळलं तर एवढं सांगायला हरकत नाही. उंब्रजहून आत फुटणाऱ्या रस्त्यावर ते गाव आहे, एवढं पुरे. महायुद्धाच्या दिवसांत काही वर्षं मी तिथल्या शाळेत इंग्रजी पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवत होते. मी शिकवण्याची हौस म्हणून तिथं गेले नव्हते. वडील गेले होते, धाकटी भावंडं होती, आणि इंग्रजी येणारी शिक्षिका त्या शाळेला हवी होती.

माझं शिक्षण पाचगणीला, इंग्रजी शाळेत झालं. वडील तिथल्या क्षयाच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण ते मराठी मीठ-मिरची आणि आजारपण यांच्यापलीकडे जात नसे. चार माणसांपुढे उभं राहून मराठी बोलायची वेळ आली की माझ्या तोंडून नाटकातल्यासारखी वाक्यं यायची. पहिल्या दिवशी वर्गात मुलं उठून उभी राहिली तेव्हा मी म्हणाले, "आपण बसावे." कोणी बसेना. मागच्या बाकावरून गणपत नावाचा एक उंच मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, "आपण म्हणत्यात गड्या आमाला. आमी काय पावणं हाय?"

त्या दिवसानंतर मी शक्य तितकं कमी बोलायचं ठरवलं. शिक्षकाला हे कसं जमावं? मला ते वर्तमानपत्रामुळे जमलं. छापलेली वाक्यं वाचताना चूक होण्याची भीती नसे. तास सुरू झाला की मी पेपर उघडायची आणि वाचू लागायची. मुलांना वाटलं, ही काहीतरी नवी पद्धत आहे. हेडमास्तरांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी शाळा तपासायला आलेल्या साहेबांना तसं सांगितलंसुद्धा. मी तो समज तसाच राहू दिला.

शाळेत दोन पेपर येत. पुण्याचा मराठी पेपर दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं येई. मोटार पुरती थांबायच्या आतच क्लीनर तो ओट्यावर फेकायचा. मुंबईचा इंग्रजी पेपर टपालानं यायचा, कधी दोन दिवसांनी, कधी चार. लढाईमुळे कागद महाग झाला होता, पेपर पातळ झाले होते आणि अक्षर मुंगीएवढं. तरी त्या चार पानांत आमचा भूगोल, इतिहास, इंग्रजी, गणित सगळं बसायचं. नकाशावर गाव शोधायचं, तिथल्या नदीचं नाव लिहायचं, मराठी बातमी इंग्रजीत करायची, सांगलीच्या पेठेतला गुळाचा दर मागच्या आठवड्यापेक्षा किती वर गेला ते काढायचं.

शाळेच्या बाहेरच्या भिंतीला, रस्त्याकडे तोंड करून, एक मोठा फळा होता. त्यावर पूर्वी सुविचार लिहीत. तो आम्ही बातम्यांसाठी घेतला. रोज मधल्या सुट्टीनंतर मुलं चार-पाच बातम्या निवडायची आणि ज्याचं अक्षर चांगलं तो लिहायचा. मळ्याकडे जाणारी माणसं थांबायची. ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. गावातले घरटी एक-दोन लोक पलटणीत होते, त्यामुळे इटली आणि ब्रह्मदेश ही नावं तिथं परगावच्या बाजारासारखी ओळखीची झाली होती.

एकदा मराठी पेपरात आलं की अमुक शहर पडलं. आम्ही ते फळ्यावर लिहिलं. दोन दिवसांनी इंग्रजी पेपर आला, त्यात त्याच शहरात लढाई चालू आहे असं होतं. मी वाचून दाखवलं आणि मुलं माझ्याकडे बघू लागली. गणपत म्हणाला, "बाई, शहर पडलं आणि पुन्ना उठलं व्हय?"

सगळे हसले. मीही हसले, बहुतेक पहिल्यांदाच. मग आम्ही दोन्ही पेपर शेजारी ठेवून तारखा पाहिल्या. नंतर हातात पडलेला पेपर खरं तर आधी छापलेला होता. त्यातली बातमी त्याहून जुनी होती, कारण ती लढाईच्या जागेवरून निघून मुंबईला पोचायलाच काही दिवस लागले होते. हे मुलांना इतकं नवं वाटलं की मलाही ते नवं वाटू लागलं. बातमी आपल्या कानावर आली तेव्हा जन्मत नाही, घडली तेव्हा जन्मते, आणि वाटेत तिचं वय वाढत असतं. त्या दिवसापासून फळ्यावरच्या प्रत्येक बातमीखाली आम्ही तिचं वय लिहू लागलो. किती दिवसांची आहे, फक्त तेवढा आकडा. वय कळत नसेल ती बातमी फळ्याच्या तळाशी आडव्या रेघेखाली जायची. रेघेवर चढायला वय लागे.

गावानं हे फार लवकर उचललं. पारावर कोणी काही सांगू लागला की दुसरा विचारायचा, "वय किती रं हिचं?" एका तरुणाचं लग्न मोडल्याची गोष्ट उठली, तर तिच्याही वयाची चौकशी झाली आणि ती तीन वर्षांपूर्वीची, दुसऱ्याच गावची निघाली. गुळाचा व्यापार करणारे तात्या मात्र नाराज होते. ते एकदा ओट्याशी येऊन हळूच म्हणाले, "बाई, लढाईला घाला वय. दराला घालू नगा. गिऱ्हाईक बघतंय."

चळवळीमुळे आमच्या भागात पोलिसांचं येणं-जाणं फार होतं. एक दिवस फौजदार घोड्यावरून येऊन फळ्यापुढे थांबले. साताऱ्यात काही लोकांना पकडल्याची बातमी त्यावर होती. हे कोणी लिहिलं, असं त्यांनी विचारलं. मी मनात मराठी वाक्य जुळवू लागले. इंग्रजी तिसरीतली हिरा खडू हातात घेऊन तिथंच उभी होती. ती म्हणाली, "पेपरातच आलंय, सायेब. आठ दिसांची हाय." फौजदारांनी पुन्हा एकदा फळ्याकडे पाहिलं. आठ दिवसांची शिळी बातमी वाचून कोण बंड करणार, असं काहीसं म्हणून ते निघून गेले. त्यानंतर हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून पाणी प्यायला दिलं आणि स्वतःही प्यायले. मग म्हणाले की फळा राहू द्या, पण शाळेचं काम शाळेच्या भिंतीबाहेर जाऊ देऊ नका. मी बरं म्हटलं. मला भिंतीबाहेर जायची इच्छाच नव्हती.

हिराबद्दल सांगायला हवं. आमच्या वर्गात मोजक्या मुली होत्या, त्यांतली ती एक. वडील नव्हते. घरात आजोबा, चुलता, आई, थोरला भाऊ शिवराम आणि त्याची बायको तुळसा. शिवराम इटलीत पलटणीत होता. आजोबांना सगळं गाव आबा म्हणे. आधीच्या महायुद्धात ते बसऱ्याला जाऊन आले होते आणि पेन्शनवर होते.

तुळसावहिनी रोज तिसऱ्या प्रहरी विहिरीवरून घागर घेऊन शाळेसमोरून जायची. फळ्याशी क्षणभर थांबायची. तिला वाचता येत नव्हतं. सुरुवातीला मला वाटलं, घागर सारखी करायला थांबते. पण तिची नजर नेहमी फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर असे. तिथं आम्ही इटलीची बातमी लिहायचो. एकदा मी ओट्यावर होते आणि आसपास कोणी नव्हतं, तेव्हा ती स्वतःहून म्हणाली, "आज सहा हाय."

हिरानं तिला चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं आकडे शिकवले होते. अक्षरं नकोत म्हणाली होती, फक्त आकडे. मी विचारलं, बातमी काय आहे ते वाचून दाखवू का? तिनं मान हलवली.

"नगं. आकडा ल्हान आसला की बरं वाटतं. जवळनं हाक आल्यावानी."

मला तिचं हे पटलं. आमच्या फळ्यावर मात्र आकडा फार लहान कधी येत नसे. ताज्यातली ताजी बातमीसुद्धा मोटारीतून उतरेपर्यंत एक-दोन दिवसांची झालेली असायची.

दिवाळीनंतर शिवरामची पत्रं बंद झाली. यात नवल नव्हतं, पत्रं अशी बंद व्हायची आणि पुन्हा सुरू व्हायची. पण शिमगा झाला तरी पत्र आलं नाही. आणि मग एका दिवशी हिरा शाळेत आली नाही. हजेरीच्या वेळी तिचं नाव घेतलं तेव्हा गणपत उभा राहिला. त्यानं सांगितलं की हिराचा भाऊ लढाईत गेला. तिचा चुलता आदल्या दिवशी उंब्रजला गेला होता, तिथं शेजारच्या गावचा धोंडिबा नाईक त्याला भेटला. धोंडिबा पलटणीतून रजेवर आला होता. त्यानं सांगितलं, नदी ओलांडताना शिवराम राहिला.

मी पेपर उघडला आणि मिटला. थोड्या वेळानं वर्गातून कोणीतरी हळूच विचारलं, "त्येनं सोता बघितलं का?" दुसरा म्हणाला, "वय किती?" कोणाला माहीत नव्हतं. गणपत म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, "मग ती रेघंखालचीच हाय, बाई."

मधल्या सुट्टीत हिरा आली. सुतकातली मुलगी शाळेच्या ओट्यावर चढली म्हणून रस्त्यावरची दोन माणसं थबकली. ती आत आली नाही. खांबाला धरून उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते. भटजींना निरोप गेला होता. प्रेत नाही म्हणून दर्भाचा पुतळा करून तो परवा नदीवर न्यायचा आणि अग्नी द्यायचा असं ठरलं होतं, आणि तिथंच तुळसावहिनीच्या बांगड्या फोडायच्या होत्या. हिरानं घरात विचारलं होतं, ही गोष्ट घडली कधी? चुलत्यानं तिला गप्प बसवलं होतं.

"माजं कोन ऐकंना. तुमी या, बाई."

मी त्या गावात कोणाच्याही घरी गेले नव्हते. हळदीकुंकवाला बोलावलं तरी डोकं दुखतंय म्हणून सांगायची. हेडमास्तरांना मी विचारलं. त्यांनी भिंतीबद्दलचं आपलं बोलणं पुन्हा ऐकवलं, आणि मग खिडकीबाहेर बघत, शाळा सुटल्यावर शिक्षक कुठं जातात ते काही मी पाहत नाही, असंही म्हणाले.

हिराच्या घरी पुढच्या सोप्यात पुरुष घोंगडीवर बसले होते. आतून बायकांचं रडणं येत होतं. मला पाहून ते जरा थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. आबा खांबाला टेकून बसले होते. पांढरा पटका, हातात काठी. मी काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा मनात म्हटलं होतं, तरी तोंडून आलं ते असं: "आपणास विचारावयाचे आहे, की ही बातमी कधीची आहे?"

चुलता म्हणाला, कालची. मी म्हटलं, ती काल ऐकली, पण घडली कधी?

"त्ये काय करायचंय?" तो म्हणाला. "सुतक ऐकल्यापासनं धरत्यात, बाई. परगावी मेलेल्याचं बी ऐकल्या दिसापासनं. शास्तरच हाय तसं."

हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही वर्गात नेमकं उलटं शिकत होतो, आणि इथं एक शास्त्र होतं ज्यात बातमीचा जन्म ऐकणाऱ्याच्या कानात होतो. मला ते चूक वाटलं नाही. त्या घरात दुःख कालच जन्मलं होतं, हे खरंच होतं. तरी मी विचारलं, सरकारची तार आली का?

"तार मागनं यील. बातमी आत्ताशी तर आली."

आबा तोवर बोलले नव्हते. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमी पोरास्नी चांगलं शिकीवताय. पन मातीला वय नसतं. बसऱ्याला म्या लय बघितलीय माती."

मी उठायच्या बेतात होते. इतक्यात आतलं रडणं अचानक थांबलं. तुळसावहिनी मधल्या दारात येऊन उभी राहिली होती. पदर कपाळावर ओढलेला. घरातल्या पुरुषांपुढे ती कधी बोलत नसे, हे मला हिराकडून माहीत होतं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आकडा कळंस्तवर मी हात फुडं करनार न्हाई."

आणि आत गेली.

चुलत्याचा चेहरा लाल झाला होता, पण तो आबांकडे बघत होता. आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "उद्या उंब्रजचा बाजार हाय. धोंडिबा यील तितं. बाई, तुमी बी चला."

दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून आबा, हिरा आणि मी उंब्रजला गेलो. वाटेत मी मनात सारखी म्हणत होते की मी हे काय केलं. उद्या धोंडिबानं सांगितलं, मी या डोळ्यांनी पाहिलं, तर तुळसावहिनीला एक दिवसाची आशा दाखवून ती काढून घेतल्यासारखं होईल.

बाजारात मोटार अड्ड्याजवळच्या चहाच्या दुकानात धोंडिबा सापडला. खाकी सदरा, एका पायाला अजून पट्टी. आबांना पाहून तो धडपडत उभा राहिला. आबांनी त्याला बसवलं आणि समोर बसून साक्षीदाराला विचारावं तसं विचारू लागले.

"तू बघितलंस?"

"न्हाई, आबा. पुण्याच्या दवाखान्यात माज्या शेजारच्या खाटंवर कोरेगावचा एक गडी हुता, त्येनं सांगितलं. रातच्याला नदी वलांडताना नाव उलटली. शिवा पान्यात गेला. त्यो वर आल्याला त्येनं बघितला न्हाई."

"म्हंजे बुडल्याला बी बघितला न्हाई."

धोंडिबानं मान डोलावली. मी विचारलं, हे कधी झालं? तो आठवू लागला. कोरेगावचा माणूस थंडीबद्दल फार बोलत असे. पाण्यानं हाडं फुटत होती म्हणाला. मग हिरानं विचारलं, "पन कवा? संक्रांतीच्या आदी का मागनं?"

"लय आदी," धोंडिबा म्हणाला. "दिवाळी झाल्यावर लगीच. दिवाळीची मिठाई खाल्ली आणि आठ दिसांत फुडं निघालो, असं म्हनला त्यो."

आबा बोटांच्या पेरांवर महिने मोजू लागले. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. हात तसाच हवेत राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी अजून विसरलेली नाही. एखादं जड ओझं उचलायला वाकलेल्या माणसाला ते हलकं निघावं, तसं.

"आरं," ते म्हणाले, "मग तार कुटं हाय?"

धोंडिबा त्यांच्याकडे बघत राहिला.

"बसऱ्याला आमचा गडी पडला की म्हैना-दीड म्हैन्यात घरी तार जायाची. आन आता तर इमानं हायती. चार म्हैनं झालं, धोंडिबा. सरकार पेन्शन इसरंल, पन तार इसरत न्हाई."

"व्हय की," धोंडिबा म्हणाला आणि मग दुसऱ्यांदा, जास्त मोठ्यानं म्हणाला, "व्हय की, आबा."

घरी सगळ्यांनी धरलं होतं की बातमी ताजी आहे, म्हणून तार यायची आहे. बातमी जुनी निघाली आणि तीच न आलेली तार आमच्या बाजूची झाली. ही खात्री नव्हती. वर्गात मी असं म्हटलं असतं तर गणपतनंच मला अडवलं असतं. पण शिवरामचा पुतळा नदीवर न्यायला आता कारण उरलं नव्हतं.

परतताना आबांनी गाडी मध्येच थांबवली. रस्त्याच्या कडेला कासारीण बसली होती, पुढे बांगड्यांचे चुडे. आबा गाडीतून उतरले नाहीत. वरूनच म्हणाले, "उद्या सकाळच्याला आमच्याकडं ये गं. नातसुनंला बांगड्या भरायच्यात. हिरव्या."

हिरानं माझा हात घट्ट धरला. शाळेत कोणी माझा हात धरलेला मला आवडत नसे. तेव्हा मी तो सोडवला नाही.

भटजींना परत निरोप गेला. चुलता काही दिवस माझ्याशी बोलला नाही, पण आबांच्या शब्दापुढे त्याचा इलाज नव्हता. गावात दोन तट पडले. काही म्हणत, बाईनं शास्तर मोडायला लावलं, आता घरावर दोष येईल. आणि मी? मी रोज मोटार येण्याच्या वेळी ओट्यावर उभी राहायची आणि मोटारीतून तारवाला उतरू नये, एवढंच मागायची. तुळसावहिनी रोज घागर घेऊन यायची. हिरव्या बांगड्या भरलेला हात घागरीवर. आकडा बघायची आणि जायची. माझ्याकडे बघत नसे. ते मला बरं वाटे.

उन्हं तापू लागली होती. परीक्षा जवळ आल्या होत्या. एका दुपारी मोटार आली, नेहमीप्रमाणे पेपर ओट्यावर पडला, पण मोटार पुढे गेली नाही. टपावरून एक ट्रंक उतरली. मागून एक माणूस उतरला, फार हडकुळा, उजवा हात गळ्यात बांधलेला. तो शाळेच्या फळ्याकडे बघत उभा राहिला, जणू आधी गाव तेच आहे ना ते वाचून घेत होता. खिडकीतून हिरानं त्याला पाहिलं. तिनं हाक मारली नाही. बाक ओलांडून ती धावली आणि तिच्यामागे सगळा वर्ग.

नाव उलटल्यावर तो प्रवाहात पुष्कळ खाली वाहत गेला होता, हात दगडांत चिरडला होता आणि दुसऱ्याच पलटणीच्या लोकांनी त्याला बाहेर काढलं होतं. मग एका दवाखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून बोटीवर. जखमी झाल्याचं पत्र सरकारनं तेव्हाच घरी धाडलं होतं म्हणे. ते अजूनही यायचंच आहे. त्याला स्वतःला लिहिता येत नव्हतं ते का, हे गळ्यातल्या हाताकडे पाहूनच कळत होतं.

माणसं त्याला पाराकडे घेऊन गेली. आबा तिथं येऊन बसले होते. ते नातवाचा चांगला हात आपल्या मांडीवर घेऊन बसले. मी शाळेतच थांबले. खुर्चीवर बसले तेव्हा लक्षात आलं की मी रडत आहे. वर्गात कोणी नव्हतं, म्हणून मी थांबवलं नाही.

जरा वेळानं हिरा परत आली, तिनं खडू घेतला आणि फळा पुसला. इटली, ब्रह्मदेश, गुळाचा दर, सगळं पुसलं. उजव्या वरच्या कोपऱ्यात तिनं लिहिलं, "शिवराम घरी आला." मग खडू हातात धरून थांबली आणि माझ्याकडे बघितलं. तिनं विचार करून बातमीखाली शून्य काढलं.

तिसऱ्या प्रहरी तुळसावहिनी घागर घेऊन आली. नवरा पारावर होता, भोवती सगळं गाव, तिकडे तिला जाता येत नव्हतं. पाणी मात्र आणावं लागतं. ती फळ्याशी थांबली. या वेळी बराच वेळ थांबली. मग कपाळाला आठी घालून मला म्हणाली, "बाई, ह्ये तर धाच्या आकड्यातलं हाय. ह्याच्या फुडचा एक कुटं गेला?"

एकटं शून्य तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, "एक अजून यायचा आहे, वहिनी. ही बातमी आजचीच आहे."

तिनं पुन्हा वर पाहिलं. घागर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली तेव्हा बांगड्या वाजल्या. आणि ती घराकडे वळली.

आता मी सांगलीत मुलींच्या शाळेत शिकवते. इथं शेजारी रेडिओ आहे आणि मुली बातमी माझ्या आधी ऐकून येतात. मी त्यांना वय विचारते तेव्हा त्या हसतात. हसू देत. मला अजूनही चार माणसांत बोलायला फारसं आवडत नाही, पण परक्या घरात आता डोकं दुखत नाही.

त्या गावी, शिवराम आल्याच्या दुसऱ्या दिवशी, हिरानं नियमाप्रमाणे शून्य पुसून तिथं एक लिहिला. तुळसावहिनी आली तेव्हा मी जरा घाबरूनच ओट्यावर उभी होते. आकडा मोठा झालेला तिला आवडत नसे, हे मला माहीत होतं. तिनं तो पाहिला आणि पदर तोंडावर धरून पहिल्यांदाच हसली.

"वाढू द्या," ती म्हणाली. "आता वाढू द्या, बाई."